जनीचा वाघ

“बिबट्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. हातभर लांब शेपटी, आणि गडग्यावरून असा उडाला की खाली पालासुद्धा वाजला नाही.” हे ज्या शहाण्याने दोन वर्तमानपत्रांच्या वार्ताहरांना सांगितलं, तो मी. नाव श्याम. सावर्ड्यापासून थोडं आत आमचं गाव, गावाच्या वरच्या अंगाला माझी आंब्याची बाग. वय अठ्ठावन्न, रक्तदाब आहे आणि तोंड फटकळ आहे. तोंडाचं मी म्हणत नाही, आमची हेमा म्हणते, आणि लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यामुळे तिला तो अधिकार आहे.

तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. बिबट्या नव्हता. कोल्हा होता. तो माझ्या फासकीत अडकला होता आणि त्याला सोडला मीच.

फासकी म्हणजे मोटरसायकलच्या क्लचच्या वायरीचा फास. गडग्याचे, म्हणजे बागेच्या दगडी बांधाचे, दगड जिथे ढासळले असतील त्या फटीत लावायचा. रात्री रानडुक्कर तिथून शिरलं की अडकतं. दोन वर्षांपूर्वी माझी चाळीस कोवळी कलमं डुकरांनी एका रात्रीत उपसून टाकली होती. मी अर्ज केला, पंचनामा झाला, मदतही आली, नाही म्हणत नाही. पण तीन वर्षं पोरासारखं वाढवलेलं कलम मुळासकट उताणं पडलेलं बघितलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझं तर एरवीही फारसं नसतं. फासकी लावणं गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, आणि सगळेच गप्प असतात.

फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळी साडेसहाला बागेत गेलो तर खालच्या गडग्याच्या फासकीत डुकराऐवजी कोल्हा. मागचा पाय अडकलेला, डोळे तांबडे, तोंडाला फेस. मला वाटलं, रात्रभर झटून दमला असेल बिचारा. मेलेला कोल्हा सापडला तर दहा प्रश्न येतील, म्हणून लांब बांबूला कोयती बांधली आणि लांबूनच वायर तोडली. वायरीचा तुकडा पायात तसाच घेऊन तो खाली पळाला. चला, पीडा गेली, असं म्हणून मी तंबाखू मळायला घेतली. खाली जनीचं घर आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

जनी माझ्या बागेत बावीस वर्षं कामाला आहे. मोहोर आला की फवारणीचा दिवस ती ठरवते, तोडणीला कुठल्या झाडापासून लागायचं ते ती ठरवते, आणि मी मालक म्हणून मान हलवतो. तिचा नवरा आत्माराम चार शब्दांत दिवस काढणारा माणूस. एकुलती एक मुलगी अक्षया अंजनवेलला दिलेली. जनीचं आरडाओरड करणं मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ते त्या सकाळी ऐकलं.

पळत गेलो. जनी परसात पालथी पडली होती, पदर डोक्यावरून पुढे गेलेला, उजव्या खांद्याचं मांस लोंबत होतं. मागून झडप घातली होती त्याने. तिने मागे हात टाकून कळशीने त्याच्या टाळक्यात हाणलं, तेव्हा कुठे त्याने खांदा सोडला. जाता जाता दावणीच्या वासराचा कान फाडला, शेजारच्या कमळाच्या कुत्र्याला चावला आणि काजूच्या रानात पसार झाला. माणसं जमली. कमळाने विचारलं, “काय व्हता गो?” जनी म्हणाली, “नाय दिसला. पिवळा जनावर व्हता.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण बागेतून मीच पळत आलो होतो. कोल्हा म्हटलं असतं तर कुठून आला, पायात वायर कसली, हे सगळं निघालं असतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, “बिबट्या.”

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मातीत ठसे उमटले होते, कुत्र्यासारखे, पुढे नखांचे टोचे. बिबट्या नखं आत ओढून चालतो, एवढं कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं. मी कमळाला म्हटलं, “अगो, रक्त सांडलंय अंगणात. असं ठेवू नये. आधी सारवून घे बघू.” शिमगा पंधरवड्यावर आला होता, पालखी ह्याच अंगणात यायची होती. कमळाने दोन घमेली शेण कालवलं आणि अर्ध्या तासात परसासकट अंगण आरशासारखं केलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाटण्यासारखं माझ्या पोटात होतं.

दहाच्या सुमाराला वनखात्याची गार्ड आली. राजश्री तिचं नाव. घाटावरची, कराडकडची, सव्वीस-सत्तावीसची पोरगी. बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. आम्ही गावातल्या पुरुषांनी तिला आल्या दिवशीच नापास करून टाकलं होतं. हिला बिब्बा आणि काजू ह्यातला फरक कळतो काय, असं मीच पारावर म्हणालो होतो आणि लोक हसले होते. ती ओल्या अंगणाच्या कडेला उभी राहिली.

“हे कधी सारवलं?”

“आत्ताच,” कमळा म्हणाली.

“का?”

कमळा तिच्याकडे बघतच राहिली. अंगण का सारवलं, ह्याला उत्तर काय द्यायचं असतं? मग राजश्रीने जनीचं फाटलेलं पोलकं मागितलं. ते डेटॉलमध्ये धुऊन दोरीवर वाळत पडलं होतं. पोलक्याला लागलेला एखादा केस, रक्तात पडलेला एखादा ठसा, काहीच उरलं नव्हतं. मला वाटलं आता ही चिडेल. ती फक्त म्हणाली, “तुम्ही लोक फार स्वच्छ आहात.” आणि शिवणाचा दोरा मागून घेऊन वासरापुढे उकिडवी बसली. कानावरच्या दोन दातांच्या खुणा, त्यांच्यामधलं अंतर, तेवढ्या दोऱ्याला दोन गाठी. मग कुत्र्याच्या पायाला तसंच. मग सरकारी दवाखान्यात जाऊन, डॉक्टर टाके घालत होते तिथे, जनीच्या खांद्याला. मला तेव्हा हसू आलं होतं, शिंपीण आली म्हणून. आज ते आठवलं की मान खाली जाते.

संध्याकाळी पाच वाजता ग्रामपंचायतीत सभा. सगळ्यांचं एकच म्हणणं: पिंजरा लावा, बिबट्या धरा, उद्याच्या उद्या. सगळ्यांत मोठा आवाज माझा. खोटं बोलावं तर रेटून बोलावं, नाहीतर बोलू नये, अशी माझी त्या दिवशीची समजूत होती.

राजश्री उभी राहून म्हणाली, “बिबट्या एका दमात तिघांना चावून रिकाम्या तोंडाने जात नाही. वासरू बांधलेलं होतं, कुत्रं लहान होतं. त्याने काहीच उचललं नाही. मी पंचनाम्यात ‘वन्यप्राणी’ लिहिलंय. बिबट्या दिसला की बिबट्या लिहीन.”

“मी पाहिला तो काय माझा आजा होता?” मी ओरडलो. “शेपटी धरून आणून देऊ काय तुमच्या टेबलावर?”

लोक हसले. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. “काका, तुम्ही पाहिलात तेव्हा तो लंगडत होता का?”

आता सांगा, हिला लंगडण्याचं काय ठाऊक? नंतर कळलं, कमळाने सांगितलं होतं, पळताना जनावर तीन पायांवर पळाल्यासारखं वाटलं म्हणून. पण तेव्हा मला वाटलं, हिने वायर पाहिली. चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, “बिबटे लंगडत नाहीत आमच्याकडे,” आणि पुन्हा हशा पिकला. कुणी तिला भित्री म्हणालं, कुणी म्हणालं साहेबाला बोलवा, ह्या पोरीला काय कळतंय. शेवटच्या माणसाचं बोलून होईपर्यंत ती खुर्चीवर बसून राहिली. मग म्हणाली, “तोपर्यंत कुत्री बांधून ठेवा, गुरं मोकळी सोडू नका, कुणालाही साधं खरचटलं तरी मला फोन करा.” प्रत्येकाला तिने स्वतःचा नंबर दिला. मीही घेतला, न घेऊन सांगतो कुणाला.

पुढचे तीन दिवस ती गावातच होती. काजूच्या रानात कॅमेरे लावले. गुरांच्या डॉक्टरांना घेऊन घरोघर फिरली, आणि वाडीतल्या एकेका कुत्र्याला तिने स्वतः धरलं, डॉक्टरांनी लस टोचली. कमळाचं चावलेलं कुत्रं वेगळं बांधून घेतलं. बिबट्या धरायचा सोडून ही कुत्री धरत फिरते, असं मी हेमाला म्हटलं. हेमा तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तुम्हाला त्या मुलीचा एवढा राग का येतोय, ते मला समजत नाहीय.” मी बागेत निघून गेलो.

तिकडे जनीचं वेगळंच चाललं होतं. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि वाघाच्या तोंडातून आलेली बाई म्हणून लांबलांबून लोक बघायला येत होते. बायका नारळ घेऊन येत, ओटी भरत. वाघजाईच्या गुरवाने अंगारा लावला आणि सांगितलं, देवीने आपला वाघ माघारी बोलावला, बाई देवीची झाली. जन्मभर लोकांच्या अंगणात उकिडवी बसलेली जनी आता खुर्चीवर बसून गोष्ट सांगायची आणि भोवती माणसं उभी असायची. तिच्या तोंडावर असं तेज मी कधी पाहिलं नव्हतं. खोटं का होईना, बाईचं भलं झालं, असं मी स्वतःला समजावत होतो. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावतो.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी टाके घातले, रेबीजच्या लसीची पहिली सुई दिली आणि बजावलं होतं: उद्याच रत्नागिरीला जा, जखमेत सीरम टोचून घ्यावं लागेल, आणि तिसऱ्या दिवशी दुसरी सुई. जनीने त्यांना विचारलं, “ही कुत्रा चावल्यावर देतत ती सुई ना?” डॉक्टर म्हणाले, हो. जनी म्हणाली, “मना वाघ चावलाय.” आणि शुक्रवारी ती आराम करायला मुलीकडे अंजनवेलला निघून गेली. हे मला माहीत होतं असं म्हणणार नाही. पण मी विचारलंही नव्हतं.

रविवारी सकाळी आठ वाजता राजश्री माझ्या दारात उभी. हेमाने तिला ओटीवर बसवलं, चहा ठेवते म्हणाली. राजश्रीने बॅगेतून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. पिशवीत क्लचच्या वायरीचा तुकडा होता, एका टोकाला फास, दुसरं टोक कोयतीने तुटलेलं.

“काल ओढ्यात मेलेला कोल्हा सापडला,” ती म्हणाली. “मागच्या पायात ही होती. दातांतलं अंतर दोऱ्याशी जुळतंय, तिन्ही जखमांशी. तोंड, डोळे, सगळी लक्षणं पिसाळल्याची. डोकं तपासायला पाठवलंय, पण रिपोर्टला आठ दिवस लागतील. तेवढे दिवस जनीबाईंकडे नाहीत. पहिली सुई मंगळवारी झाली. सीरम सात दिवसांच्या आत जखमेत जायला पाहिजे, नंतर त्याचा उपयोग नाही. दुसरी सुईही चुकलीय.”

मी वायरीकडे बघत होतो. वरच माझी कोयती टांगलेली होती.

“ही वायर कोणाची, ते मी तुम्हाला आत्ता विचारत नाही,” ती म्हणाली. “ते मी विचारणार आहे, सोडणार नाही. पण आज नाही. काल संध्याकाळी मी अंजनवेलला जाऊन आले. जनीबाईंनी मला परत पाठवलं. म्हणाल्या, देवीच्या वाघाला कुत्र्यात काढता? आमच्या भाऊंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाघ पाहिलाय. भाऊ बावीस वर्षांत माझ्याशी खोटं बोलले नाहीत, तुम्हाला मी चार दिवस ओळखते.”

आणि पुढे म्हणाली, “काका, माझं त्या ऐकणार नाहीत. डॉक्टरांचं ऐकलं नाही. त्या फक्त तुमचं ऐकतील.”

काय मुलगी, हो. माझी मान तिच्या मुठीत होती. हातात पुरावा घेऊन आली होती, सभेत मी तिची इज्जत काढली होती, आणि ती मला दम द्यायला नाही, मदत मागायला आली होती. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे म्हणत माझं आयुष्य गेलं. इथे सरकार माझ्या ओटीवर बसलं होतं, तीन दिवसांची झोप डोळ्यांत घेऊन, एका परक्या बाईसाठी. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही पहिला विचार जनीचा नाही आला. कोर्ट, वकील, गावात शोभा, हे आलं.

हेमा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने वायर पाहिली, मला पाहिलं. बत्तीस वर्षांत तिला फार काही विचारावं लागत नाही. तिने ट्रे खाली ठेवला.

“तुम्ही जाताय, की मी जाऊन सांगू?”

मी सदरा घातला.

खात्याची जीप, पुढे ड्रायव्हर आणि राजश्री, मागे मी आणि आत्माराम. आत्मारामला मी काही सांगितलं नव्हतं, पण त्याने मला एकदा पाणी दिलं, आणि मी ती बाटली तशीच मांडीवर धरून बसलो. राजश्री गुहागरपर्यंत फोनवर होती. रत्नागिरीच्या दवाखान्यात कुणाला तरी सांगत होती, सीरम काढून ठेवा, चार वाजेपर्यंत पोचतो, बाईंचं वजन अमुक आहे. वजनसुद्धा तिने पहिल्याच दिवशी विचारून ठेवलं होतं.

अंजनवेलला अक्षयाच्या अंगणात जनी खुर्चीवर बसलेली, हात गळ्यात बांधलेला, भोवती आठ-दहा बायका. मला बघून तिचा चेहरा उजळला. “बघा, हे आमचे भाऊ. ह्यांनीच बघितलान वाघ. सांगा वो भाऊ, ह्या बायांना कसा उडाला तो.”

मी आजवर पुष्कळ भाषणं ठोकली आहेत. तिथलं सगळ्यांत छोटं.

“जनी, तो वाघ नव्हता,” मी म्हटलं. “कोल्हा होता. माझ्या फासकीत अडकलेला. मीच वायर तोडून सोडला. तो खाली आला आणि तुला चावला. मला माहीत होतं. मी बिबट्या म्हटलं, कारण मला माझी भीती वाटली. आणि ठसे जावेत म्हणून सारवायला मीच लावलं.”

आत्मारामने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो पायरीवर जाऊन बसला. अक्षया आईच्या खुर्चीमागे उभी होती. तिने आईच्या बऱ्या खांद्यावर हात ठेवला. जनीने माझ्याकडे पाठ फिरवली आणि राजश्रीला विचारलं, “पिसाळलेला व्हता?”

“हो. रिपोर्ट यायचाय, पण माझी खात्री आहे.”

“आणि सुई नाय घेतली तर?”

दुसरी कुणी असती तर गोड बोलून वेळ मारून नेली असती. राजश्री जमिनीवर बसली, जनीच्या खुर्चीसमोर, आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “तर मराल. कधी ते सांगता येत नाही, महिन्याने, दोन महिन्यांनी. पण एकदा सुरू झालं की त्याला औषध नाही. आज सीरम घेतलंत आणि सगळ्या सुया पुऱ्या केल्यात, तर जगाल.”

एक बाई हळूच उठून गेली. मग दुसरी. जनीच्या मांडीवर कुणीतरी आणलेला नारळ होता. तो तिने अक्षयाच्या हातात दिला.

“मी चार गावांत सांगितलं,” ती म्हणाली. “वाघ म्हणून सांगितलं. आता लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील?” राजश्री म्हणाली. “वाघ जनावर धरतो आणि निघून जातो. पिसाळलेला कोल्हा चावला की सहजासहजी सोडत नाही. त्याला मागे हात टाकून कळशीने सोडवलंत तुम्ही. मी नोकरीत हे दुसरं कुणी केलेलं ऐकलं नाही. हे मी पंचनाम्यात लिहिलंय, बाई. पहिल्याच दिवशी.”

मला वाटतं तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी त्या बाईचा वाघ काढून घेतला होता, आणि ह्या पोरीने अर्ध्या मिनिटात तिला तिचंच काहीतरी परत दिलं, तेही खरं. जनी खुर्चीवरून उठली. पायात चपला घातल्या आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.

तवसाळहून जयगडला जायला फेरीबोट आहे, जीपसकट माणसं पलीकडे नेते. तिथे आम्हाला वीस मिनिटं थांबावं लागलं. मी खाली उतरून जनीच्या खिडकीशी गेलो. “जनी, माझं चुकलं,” मी म्हटलं. ती खाडीकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने काच वर केली. माझ्या जागी कुणीही असता तर त्याला तेच मिळालं असतं, आणि मिळायला हवं होतं. गणपतीपुळ्याच्या फाट्यावर तिने चालत्या जीपमधूनच डाव्या हाताने नमस्कार केला, उजवा उचलवत नव्हता.

दवाखान्यात सगळं तयार होतं. सीरम जखमेच्या कडेने टोचतात, एक नाही, अनेक ठिकाणी. दाराच्या फटीतून मी पाहिलं, जनीने राजश्रीचं मनगट धरलं होतं आणि राजश्रीचा हात पांढरा पडला होता, पण तिने तो सोडवून घेतला नाही. जनी ओरडली नाही. लसीची चुकलेली सुईही दिली आणि पुढच्या तारखा लिहून दिल्या.

मग राजश्री बाहेर आली, माझ्या शेजारी बाकावर बसली आणि कागद काढला. “काका, आता तुमचं.”

मी सगळं सांगितलं. ती लिहीत गेली, शब्द न गाळता, शब्द न वाढवता. “स्वतः येऊन कबूल केलं” हेही तिने लिहिलं. मी म्हटलं, हे नको. ती म्हणाली, “झालंय ते लिहिते.” मग विचारलं, “बागेत एकूण फासक्या किती?”

“तीन,” मी म्हटलं.

बघा माणसाची जात. एवढं होऊनही तीन.

मागून आवाज आला. जनी दारात उभी होती, हाताला नवीन पट्टी. अंजनवेल सोडल्यापासून माझ्यासमोर ती पहिल्यांदा बोलत होती, पण माझ्याशी नाही. “सात हायत, मॅडम. वरच्या गडग्याला तीन, विहिरीकडे दोन, खाली दोन.”

राजश्रीने माझ्याकडे पाहिलं. “सात,” मी म्हटलं. तिने तीन खोडून सात लिहिलं आणि खोडल्याजागी माझी सही घेतली.

रिपोर्ट पुढच्या सोमवारी आला. कोल्ह्याला रेबीज होता. जनीच्या सगळ्या सुया झाल्या, जनी ठणठणीत आहे, आत्माराम तिला शेवटच्या सुईला घेऊन गेला तेव्हा मला त्याने पायरीवरून हात केला. कोल्हा चावल्याचीही सरकारी मदत असते, ती राजश्रीने तिला मिळवून दिली. माझ्यावर केस आहे, तारखा चालू आहेत. पहिल्या आंब्याची पेटी घेऊन गेलो तर राजश्रीने ती हातात घेतली नाही, “काका, तुमच्या केसमध्ये मी साक्षीदार आहे,” म्हणाली. मी पेटी उचलून परत आलो. अशी मुलगी आपली असती तर, असं हेमाला म्हटलं. हेमा म्हणाली, तुमची असती तर तुम्हाला घाबरली असती, हीच बरी.

पण मला सांगायचंय ते रत्नागिरीहून आल्यानंतरच्या सकाळचं. राजश्री फासक्या काढायला बागेत आली. जनीला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती गडग्याशी उभी होती, हात गळ्यात. ती पुढे, मागे राजश्री पकड घेऊन, आणि सगळ्यांत मागे मी. बागेचा मालक मी, आणि फासक्या कुठे ते दाखवत होती जनी. दोन वर्षं ती रोज त्या सातही फासक्या चुकवून चालली होती, गवत काढताना, पाणी घालताना, आणि कुणापाशी बोलली नव्हती.

विहिरीकडच्या दुसऱ्या फासकीपाशी ती थांबली. लुगडं घोट्यापर्यंत वर केलं आणि राजश्रीला दाखवलं. घोट्याभोवती काळपट वळ होता, जुना, गोल.

“गेल्या सालात अडकलेलंय मी ह्यात,” ती म्हणाली. “दुपारपावेतो बसलेलंय. मग दगडाने वायर ठेचली. भाऊंना नाय सांगितलं. म्हटलं, त्यांना वाईट वाटंल.”

ती तुटलेली वायर डुकराने तोडली असं समजून मी तिथे नवी लावली होती. राजश्रीने फासकी तोडली, पिशवीत टाकली. मग कागद गडग्यावर ठेवून तेही लिहून घेतलं, आणि माझ्यापुढे पेन धरलं. मी सही केली.